ऊसतोड सुरू झालीय. फडात वाघाटीची पिल्लं सापडली तर काय करायचं?

कुकडीकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या शिरूर-जुन्नर पट्ट्यात कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या) पडल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षीचे फोटोही फिरायला लागले. 'अमक्या गावच्या शिवारात बिबट्याचे तीन बछडे सापडले.' फोटो मोठा करून पाहिला की लक्षात येतं, ही वाघाटीची पिल्लं आहेत. कुणीतरी तळहातावर धरलेली, डोळे जेमतेम उघडलेले, भोवती मोबाइलचा गराडा. पुढे त्या पिल्लांचं काय झालं हे कुणीच लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी वाघाटी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांत तिची गणती होते. पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन किलोच्या आसपास, नर दीड किलोपर्यंत. घरातला बोका तिच्या दुपटीहून मोठा भरतो. अंग राखाडी-तपकिरी, त्यावर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने लावलेले, कान लहान आणि गोलसर, पोट पांढरं. १८३१ साली जोफ्रुआ सेंट-इलेअर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पुदुच्चेरीच्या एका नमुन्यावरून तिला शास्त्रीय नाव दिलं. भारत, श्रीलंका आणि नेपाळच्या तराईचा थोडा भाग सोडला तर ती जगात कुठेच नाही.

आता ही उसात का येते? एरवी ती झुडपी रानात, खडकाळ माळावर, पानगळीच्या जंगलात राहणारी. पण आडसाली उसाचं रान दीड वर्ष कुणी मोडत नाही. आत गारवा, पाटाला पाणी, उंदीर-घुशी मुबलक, बेडूक, सरडे, पाखरं. मादीला विण्यासाठी याहून निवांत जागा या भागात उरली कुठे? ६५ ते ७० दिवसांत ती विते, एक ते तीन पिल्लं होतात. आणि नेमका त्याच वेळी फड मोडायला टोळी आत शिरते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही पिल्लं पोरकी नसतात. आई जवळच कुठेतरी सरीत दबून बसलेली असते. कोयत्यांचा आवाज, माणसांचा कलकलाट, ट्रॅक्टर, या सगळ्यात ती पुढे येणं शक्यच नसतं. अंधार पडला, माणसं हटली की येते. आपण तोवर पिल्लं घरी नेलेली असतात, दूध पाजलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात 'शेतकऱ्याने दिले जीवदान' छापून आलेलं असतं.

आमच्याकडे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले वाइल्डलाइफ एसओएसचे डॉक्टर आणि वनविभागाची माणसं मिळून हे काम बरीच वर्षं करतायत. पिल्लं तपासायची, जखम नसेल तर संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवायची, कॅमेरा लावायचा आणि लांब व्हायचं. आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलते आणि दुसऱ्या शेतात नेऊन ठेवते. बिबट्याच्या बछड्यांसाठीही हीच पद्धत. पण बिबट्या म्हटलं की सगळी यंत्रणा हलते, आणि वाघाटी आहे म्हटलं की 'मांजरच आहे ना' म्हणून माणसं निघून जातात. हे मला सहन होत नाही. दोघांनाही कायद्याचं संरक्षण एकच आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची एक.

तुमच्या भागात काय चालतं? कारखान्यांना यात कसं ओढता येईल? लिहा.

अनु बोरिवली

खूप गरजेचा धागा. दोन प्रश्न आहेत. बिबट्याचं पिल्लू आणि वाघाटीचं पिल्लू यात सामान्य माणसाने फरक कसा ओळखायचा? आणि आमच्या इथे संजय गांधी उद्यानात वाघाटींचं प्रजनन केंद्र आहे, मग सापडलेली पिल्लं तिकडे पाठवणं जास्त सुरक्षित नाही का? शेतात कुत्री असतात, बिबटे असतात.

डॉ. खुरपडे

मी पशुवैद्य आहे, सातारा जिल्ह्यात. अनुताई, पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

वजन हातालाच कळतं. बिबट्याचं नवजात पिल्लू साधारण अर्ध्या किलोच्या घरात असतं. वाघाटीचं शंभर ग्रॅमच्याही आत. बछड्याचं डोकं रुंद, पंजे अंगाच्या मानाने जाड, केस दाट आणि ठिपके धूसर, एकात एक मिसळलेले. वाघाटीच्या पिल्लाचे ठिपके सुटे आणि ओळीत असतात. लहानपणी ते काळपट दिसतात, गंजाचा रंग मागाहून चढतो. कपाळावरून मानेकडे जाणारे चार गडद पट्टे आणि डोळ्यांच्या आतल्या कडेला दोन पांढऱ्या रेघा दिसल्या की शंका उरत नाही. रानमांजराची पिल्लंही उसात सापडतात. त्यांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, ठिपक्यांच्या अशा ओळी नसतात.

पण खरं सांगू, ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. तिन्हींसाठी करायचं एकच आहे: हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात 'हॅलो फॉरेस्ट'चा १९२६ हा नंबर आहे.

आता न करायच्या गोष्टी, कारण माझ्याकडे पिल्लं येतात ती बहुतेक याच कारणांनी खराब झालेली. गाईचं दूध पाजू नका. जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी आटायला काही तास पुरतात. पिल्लू गार पडलं असेल तर काहीच पाजू नका. गार अंगाला पचत नाही, आणि तोंडात ओतलेलं श्वासनळीत जातं. आधी ऊब. हवा जाईल असं खोकं, खाली गोणपाट, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, वरून कापड टाकून अंधार. बस. धुऊन पुसून काढू नका. आणि कृपा करून घरच्या मांजरीच्या अंगाखाली लावू नका. फार लोक प्रेमापोटी करतात. घरच्या मांजरांतला पॅनल्युकोपेनियासारखा विषाणू रानटी मांजरांनाही होतो. पिल्लू मेलं तर एक गेलं, पण तो आजार घेऊन परत रानात गेलं तर तिथल्या बाकीच्यांचं काय?

माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मांजरकुळातल्या आया असं करत नाहीत. डॉक्टरांनी तपासलेली, हाताळलेली पिल्लं आईने रात्री उचलून नेल्याचं कॅमेऱ्यांत आलेलं आहे. तेव्हा 'आता हात लागलाच आहे, तर घरीच नेऊ' असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा.

बागायतदार

सगळं पटतं, पण शेतकऱ्याची बाजूही ऐका.

तोडीची पाळी यायला चिटबॉयच्या (कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याच्या) मागे महिना महिना फिरावं लागतं. टोळी आली की दिवसभरात फड मोकळा करते. मध्येच 'थांबा, पिल्लं आहेत' म्हटलं तर मुकादम म्हणतो, उद्या आमचं दुसरीकडे ठरलंय. तुटलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजनात मार बसतो. मागच्या हंगामात आमच्या शेजारी हेच झालं. फोन केला, माणूस यायला संध्याकाळ झाली, तोवर टोळी निघून गेली आणि उरलेला तुकडा कितीतरी दिवस तसाच उभा राहिला. ते लोक पुढच्या वेळी फोन करतील का, तुम्हीच सांगा.

मला वाघाटीचं वाईट वाटत नाही असं नाही. उंदीर किती नुकसान करतात हे आमच्याइतकं कुणाला माहीत आहे? कांडं पोखरून ठेवतात. ती उंदीर खाते म्हणजे आमचंच काम करते. पण व्यवहारात बसेल असं काहीतरी सांगा.

कुकडीकाठ

@बागायतदार, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि याच्यावरच सगळं अडतं.

आमच्याकडे जे चालतं ते असं. पिल्लं सापडली की त्यांच्या भोवतालच्या चार-सहा सऱ्या सोडायच्या आणि टोळीने बाकीचा फड पुढे तोडत राहायचं. काम थांबत नाही. शक्यतो सोडलेला तुकडा शेजारच्या उभ्या उसाला किंवा ओढ्याला लागून राहील असं बघायचं, म्हणजे आईला आडोशाने येता येतं. उघड्या रानाच्या मधोमध चार सऱ्या ठेवल्या तर ती यायला धजत नाही आणि कुत्री मात्र पोचतात. रात्रीत आई पिल्लं हलवते. पहिल्या रात्री नाही आली तर दिवसा पिल्लं डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या रात्री परत मांडतात. सोडलेल्या सऱ्या मग दुसऱ्या गाडीत जातात. नुकसान होतं ते एवढंच.

आणखी एक, तोडायला सुरुवात कुठून करायची हेही महत्त्वाचं. चारी बाजूंनी आत आलं की सगळी जनावरं मधल्या तुकड्यात कोंडतात. एका अंगाने सुरुवात करून दुसऱ्या अंगाला वाट मोकळी ठेवली तर मोठी जनावरं निसटतात. यात बिबट्याचा धोकाही कमी होतो, म्हणून मुकादम हे ऐकतात.

@अनु बोरिवली, प्रजनन केंद्राचं काम वेगळं आहे. तिथे पिंजऱ्यातली संख्या टिकवतात, तिच्या खाण्या-विण्याचा अभ्यास होतो, ज्यांना परत सोडता येत नाही अशांना आसरा मिळतो. ते हवंच. पण आई जिवंत असताना, बाहेर वाट बघत असताना पिल्लू पिंजऱ्यात पाठवणं म्हणजे रानातलं एक जनावर कमी करणं. कायमचं. हाताने वाढवलेल्या पिल्लाला शिकार शिकवायची कुणी, आणि कुत्र्याला भ्यायला?

डॉ. खुरपडे

क्रेटबद्दल एक भर. भाजीमंडईतला प्लॅस्टिकचा क्रेट चालतो. पण उंची अशी हवी की आई सहज आत उतरेल आणि पिल्लांना मात्र चढून बाहेर येता येणार नाही. डोळे उघडलेली पिल्लं रांगत लांब जातात आणि मग आईलाही सापडत नाहीत. तळाला ती जिथे होती तिथलंच पाचट (उसाचा वाळलेला पाला) टाका.

आणि सकाळी क्रेट रिकामा दिसला म्हणजे आईने नेली, असं धरून चालू नका. कोल्हा, कुत्रं, काहीही असू शकतं. कॅमेरा त्यासाठीच लावतात. कुणी सांगितलं की 'आम्ही ठेवली आणि सकाळी नव्हती', तर मी आधी विचारतो, कॅमेऱ्यात काय दिसलं?

माळावरची

धागा उसाभोवती फिरतोय म्हणून वेगळं लिहिते. मी माळरानांवरच्या पक्ष्यांच्या नोंदी करते, सासवड-सुपे-बारामती बाजूला. वाघाटीचं मूळ घर ऊस नव्हे, हे विसरून चालणार नाही. बोरी-बाभळी, घायपात, दगडांच्या कपारी, ओढ्याकाठची झाडोऱ्याची पट्टी, हे तिचं घर. ते आपण कागदोपत्री 'पडीक' म्हणून लिहून ठेवलंय. पडीक म्हटलं की त्यावर प्लॉटिंग करता येतं, सोलरचे पॅनल टाकता येतात, जेसीबीने सपाट करून डाळिंब लावता येतं. त्याबद्दल कुणी आंदोलन करत नाही, कारण तिथे 'जंगल' नाही. झाडं नाहीत ना! आणि झाडं लावायची मोहीम निघते तीही याच माळांवर, गवत उपटून, खड्डे खणून.

पिल्लं वाचवणं चांगलंच आहे. पण ती पिल्लं मोठी झाली की जाणार कुठे? ऊस वर्षा-दीड वर्षात कापला जातोच. कापल्यावर ज्या ओढ्याच्या काठाला ती आसरा घ्यायची तो ओढाच 'खोलीकरणा'त दोन्ही काठांनी खरवडून काढलेला असतो. माझ्या मते एकेक बांध, एकेक ओढा, गावाबाहेरची एकेक देवराई राखणं हे पिल्लू परत ठेवण्याइतकंच वाघाटीचं संवर्धन आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत वाघाटीचं नाव चढवा, ज्या गावात दिसली त्या गावात. उद्या माळाचा प्रश्न निघाला तर दाखवायला एक कागद तरी असेल.

जोशी काका

@माळावरची, ताई, अगदी मनातलं बोललात. आमच्या गावचं गायरान असंच गेलं.

संगमेश्वरी

आमच्याकडे कोकणात दिसते ती हीच का? काजूच्या बागेत रात्री बॅटरीच्या उजेडात दिसली होती. अंगावर ठसठशीत काळे ठिपके, शेपटीवरही ठिपके, पाय लांब. घरच्या मांजराएवढी. आजी तिलाही वाघाटीच म्हणते.

माळावरची

@संगमेश्वरी, ती बहुतेक बिबट मांजर असावी. वाघाटीची चुलत बहीणच म्हणा, कूळ एकच. बिबट मांजराचे ठिपके काळे आणि मोठे, शेपटीवर ठिपके स्पष्ट. वाघाटीच्या शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतातच, आणि ती आकाराने बरीच लहान. पश्चिम घाटाच्या ओल्या बाजूला बिबट मांजर, कोरड्या बाजूला वाघाटी, असं ढोबळ चित्र आहे. गंमत म्हणजे श्रीलंकेत बिबट मांजर नाही, आणि तिथे वाघाटी ओल्या जंगलातही राहते. कदाचित स्पर्धा नसल्यामुळे असेल. आजींना मात्र काही सांगू नका, गावाकडे दोघींना एकच नाव चालतं.

सातपुड्याचा

विदर्भातून लिहितोय. आमच्याकडे ऊस नाही, पण वाघाटी आहे. ताडोबा, नागझिरा, पेंच, सगळीकडे कॅमेऱ्यात येते.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. २०१८-१९ च्या देशभरच्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो आले. त्यातले वाघाचे किती? ७६,६५१. बिबट्याचे ५१,७७७. उरलेल्या कोट्यवधी फोटोंत गवत, गुरं, माणसं, हरणं, आणि त्यात कुठेतरी वाघाटीही. म्हणजे माहिती गोळा झालेली आहे, वाघाच्या पैशावर झालेली आहे, फक्त लहान मांजरांसाठी ती बसून चाळायला माणसं हवीत. नव्या पोरांना ज्यांना 'वन्यजीव' म्हणजे वाघ एवढंच दिसतं, त्यांनी हे काम हातात घ्यावं.

दुसरं, रस्ते. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचमधून जातो, तिथे जनावरांसाठी पुलाखालून वाटा ठेवल्यात, एकूण नऊ बांधकामं. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. वाघ गेले त्याच्या बातम्या सगळीकडे झाल्या. पण त्याच वाटांनी रानमांजर गेलं, वाघाटी गेली, हे फार कुणाला ठाऊक नाही. एक किलोचं जनावर चौपदरी रस्ता ओलांडायला निघतं तेव्हा त्याच्यासाठी पुलाखालची ओंजळभर सावलीही पुरते. मोठे पूल सगळीकडे होणार नाहीत, पण रस्त्याखालून जाणाऱ्या साध्या नळ्या आणि मोऱ्या गाळाने बुजू न देणं हे तर बांधकाम खात्याला रोजच्या खर्चात जमण्यासारखं आहे. मेलेली वाघाटी रस्त्यावर दिसली तर तीही कळवा. फोटो, ठिकाण, वेळ. ती नोंद जिवंत वाघाटीइतकीच कामाची असते.

रोहन_पुणे

एक विचारतो, रागावू नका. इंटरनेटवर हिच्या पिल्लांच्या क्लिप्स बघितल्या, इतकी गोड आहे. परदेशात लोक पाळतात असं वाचलं. आपल्याकडे पाळायची परवानगी मिळते का?

कुकडीकाठ

नाही मिळत. अनुसूची एकमधलं जनावर पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. भारतातल्या वाघाटीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकखाली बंद आहे. पिल्लू सापडलं म्हणून 'चार दिवस ठेवलं' हेसुद्धा याच्यात येऊ शकतं.

डॉ. खुरपडे

@रोहन, रागवायचं काय त्यात, विचारलंत ते चांगलं केलंत. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते जनावर घरात राहणारं नाही. १८४६ साली टी. सी. जर्डन या इंग्रज डॉक्टराकडे, जो पुढे भारतातल्या पक्षी-प्राण्यांवर लिहिण्यासाठी नावाजला, कुणीतरी वाघाटीचं अगदी लहान पिल्लू आणून दिलं. त्याने लिहून ठेवलंय की ते पूर्ण माणसाळलं होतं, बघणारा प्रत्येक जण हरखून जायचा. बंगल्याच्या वाशांवर चढून खारी धरायचं. आठेक महिन्यांचं असताना त्याच्या खोलीत हरणाचं पाडस आणलं, तर पाहताक्षणी झेप घेऊन मानगुटीला धरलं. सोडवता सोडवेना. किलोभराचं जनावर, आणि पाडस त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं! हे ज्याच्या रक्तात आहे त्याला फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवायचं?

पिंजऱ्यात ती जगते, बरीच जगते. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघाटी १८ वर्षं जगल्याची नोंद आहे. पण त्यामागे तज्ज्ञ, आहार, प्रजननाच्या नोंदी, युरोपभरचा समन्वय असतो. ते पाळणं नव्हे.

अनु बोरिवली

मग आज तिची अवस्था नक्की काय आहे? कुठे 'दुर्मीळ' लिहितात, कुठे 'धोक्यात', आणि इथे सगळे म्हणताय की सगळीकडे दिसते.

माळावरची

दोन्ही खरं आहे. आययुसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ती आधी 'व्हल्नरेबल' (असुरक्षित) गटात होती, २०१६ च्या मूल्यांकनात 'निअर थ्रेटन्ड' (धोक्याच्या जवळ) झाली, म्हणजे एक पायरी कमी धोका. पण याचा अर्थ वाघाटी वाढल्या असा काढू नका. पूर्वी वाटायचं ती दक्षिणेत आणि गुजरातेत तेवढी आहे. मग कॅमेरे लागत गेले आणि उत्तर प्रदेशात पिलीभीतला सापडली, २०१२ मध्ये नेपाळच्या बर्दिया उद्यानात सापडली. ती तिथे आधीपासून असणारच, आपण बघत नव्हतो.

अकोले तालुक्यातलं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम यासाठी जरूर पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. एका चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात असा शेतीचा भाग, राखीव जंगल नाही, आणि दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे. चर्चा सगळी बिबट्यांची झाली. पण त्याच कॅमेऱ्यांत तरस होतं, कोल्हा होता, रानमांजर होतं आणि वाघाटीही होती. म्हणजे तिची मोठी वस्ती अभयारण्याच्या बाहेर, आपल्या बांधांवर आहे. अभयारण्याचा प्राणी असता तर सरकारवर सोडून देता आलं असतं.

ऊसतोड्याचा पोरगा

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील कोयत्यावर जातात, मी लहानपणी सोबत जायचो. आता नगरला शिकतोय. धागा वाचून खाते उघडलं.

तुम्ही सगळे शेतकऱ्याला सांगताय, कारखान्याला सांगताय. पण पिल्लू सापडतं कुणाला? ऊस तोडणाऱ्याला. त्यातही बाईला, कारण गडी तोडत पुढे जातो आणि बाई मागून वाढं (उसाचे शेंडे) बाजूला करून मोळ्या बांधते. पाचटात हात तीच घालते. माझ्या आईला सापडली होती एकदा, दोन होती. तिनं पदराने उचलून बांधावर ठेवली आणि वर पाचट टाकलं. कुणाला बोलली नाही. का, तर बोललं की गर्दी जमते, काम थांबतं, आणि मुकादम आईवर ओरडतो. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवस मोडून चालत नाही.

दुसरं म्हणजे भीती. आमच्या माणसांना वाटतं वनखात्याला कळवलं की आपल्यावरच केस होईल. परक्या मुलखात कोण पोलीस-कोर्ट मागे लावून घेईल? आणि बिबट्याची भीती तर आहेच. कोपीत लहान लेकरं झोपलेली असतात. पिल्लू बिबट्याचं आहे म्हटल्यावर आई-बिबट्या रात्री कोपीवर येईल, असं वाटून माणसं पिल्लं लांब नेऊन टाकतात. यात मारायचा विचार नसतो. पण लांब टाकली की मेलीच.

म्हणून सांगतो, ठिपके कसे ओळखायचे हे आमच्या बायांना आधी सांगा. 'ही मांजराची जात आहे, हिची आई माणसावर येत नाही' एवढं कळलं तरी पिल्लं जागेवर राहतील. आणि कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही, हे मुकादमाच्या तोंडून कळू द्या. आमच्यात मुकादमाचा शब्द चालतो.

बागायतदार

@ऊसतोड्याचा पोरगा, बरं झालं लिहिलंत. हे आम्हालाही कुणी सांगत नाही.

आता हार्वेस्टर आलेत, त्याचंही बोला कुणीतरी. मजूर कमी पडतात म्हणून यंत्रं वाढत चाललीत. चालवणारा वर केबिनमध्ये बसलेला, खाली धुरळा, कांड्यांचे तुकडे होऊन मागे ट्रॉलीत. तिथे पिल्लू दिसायचा प्रश्नच येत नाही. आणि कुठे कुठे ऊस पेटवून तोडतात, तो तर सगळ्यात वाईट प्रकार. जळीत उसाला कारखाना कपात लावतो तरी लोक पेटवतात.

माळावरची

हार्वेस्टरसाठी एका अंगाने तोडणं जास्तच गरजेचं आहे, आणि शेवटच्या पट्ट्यात वेग कमी करणं. मोठी जनावरं तरी निघून जातील. न हलणाऱ्या पिल्लांसाठी यंत्रापुढे आज कुणाकडेच उपाय नाही, हे मान्य करून यावर काम करायला हवं. कृषी अभियांत्रिकीवाले कुणी इथे असतील तर जरूर लिहा. उष्णता टिपणारे कॅमेरे ड्रोनला लावून युरोपात गवत कापण्याआधी हरणाची पाडसं शोधतात. दाट उसात वरून दिसेल का, शंकाच आहे, पण कुणीतरी करून बघायला हवं.

जोशी काका

तोडणीनंतर पाचट न पेटवता कुट्टी करून शेतात ठेवलं तर जमिनीलाही चांगलं आणि लपलेल्या जिवांनाही. आमच्याकडे बऱ्याच जणांनी सुरू केलंय.

कुकडीकाठ

सगळ्यांचे आभार. माझ्या ओळखीचे दोन चिटबॉय आहेत, त्यांच्याशी आज बोललो. टोळीला पाळीची चिठ्ठी देतात तेव्हाच एक कागद द्यायला ते तयार आहेत. कारखान्याच्या गटऑफिसमध्येही लावता येईल. मजकूर असा केलाय: वाघाटीच्या पिल्लाचा फोटो, शेजारी बिबट्याच्या पिल्लाचा. 'आई जवळ आहे. हात लावू नका. चार सऱ्या सोडा. १९२६ ला फोन करा. कळवणाऱ्याला त्रास होणार नाही.' शेवटच्या वाक्यासाठी आमच्या वनपालांशी बोलून घेतो, त्यांचा होकार असल्याशिवाय छापणार नाही.

@ऊसतोड्याचा पोरगा, दादा, भाषा बरोबर आहे का बघता का?

ऊसतोड्याचा पोरगा

भाषा बरोबर आहे, पण कागद नको. कागद चुलीत जातो, आणि बऱ्याच बायांना वाचता येत नाही. फोटो द्या, तो मोठा द्या, आणि सोबत आवाजातला निरोप. आता प्रत्येक कोपीत एक तरी मोबाइल असतो, मुकादमांचे ग्रुप आहेत. मी आईच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतो, आमच्या बोलीत. बायामाणसं बाईचं ऐकतील. 'वनविभाग' म्हणू नका, 'जंगलवाले साहेब' म्हणा. आणि नंबर दोनदा सांगायचा, सावकाश, एक-नऊ-दोन-सहा. रविवारी आईकडे जातोय, सोमवारपर्यंत इथे टाकतो. तेवढे पिल्लांचे स्पष्ट फोटो कुणाकडे असतील तर पाठवा, हातात धरलेले नकोत, जमिनीवरचे.

डॉ. खुरपडे

माझ्याकडे आहेत. तपासणीच्या वेळचे, पाचटावर ठेवलेले, बाजूला मापाला काडेपेटी आहे. रात्री पाठवतो.